ड्रायरच्या मागची वीतभर जागा

मंगळवारी सकाळी आमच्या ड्रायरने मान टाकली. आत बाळाची दुपटी, झबली, लंगोट असा ओला ढीग... आणि डिस्प्लेवर लाल अक्षरांत 'ई-४'.

आम्ही नाशिक रोडला राहतो. लेक मृणाल पहिल्या बाळंतपणाला आली आहे. बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत तिने इथेच राहायचं, असं दोन्ही घरांत ठरलेलं. पण यंदा पाऊस काही उघडेना. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर दुपटी, आणि हॉलमधून जायचं तर वाकून जायचं... म्हणून मी मोठ्या हौसेने ड्रायर आणला. शेगडीवर टोपली पालथी घालून लहान मुलांचे कपडे उत्तम वाळतात, असं सौ.चं पहिल्या दिवसापासून म्हणणं. तिला मी तेव्हा हसलो होतो.

'ई-४' म्हणजे मशीन प्रमाणाबाहेर तापलंय. मॅन्युअलमध्ये एवढंच लिहिलेलं. का तापलंय ते आपण शोधायचं! बंद केलं, गार होऊ दिलं, पुन्हा लावलं. थोडा वेळ घरघर केली, आणि पुन्हा टुंग टुंग... ई-४.

आता मी माणूस कसा? सगळी नोकरी सिन्नरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला केलेली. मशीन अडलं की साहेबलोक मला शोधत यायचे. आणि घरातलं हे कपडे वाळवायचं खोकं मला दाद देईना! फिल्टरमधला धाग्यांचा भुसा काढला. कंडेन्सर नळाखाली धुतला. पाण्याची टाकी रिकामी केली, प्लग बदलला, कपडे निम्मे केले. ढिम्म. वर सौ. येता-जाता "शेगडी काढू का?" विचारणार. तेही गोड आवाजात...

शेवटी कस्टमर केअर. इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, मग संगीत ऐका. मग एक मुलगी आली आणि म्हणाली, "सर, मशीनच्या मागे जागा मोकळी आहे ना?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो ताई, मागे वीतभर जागा मी स्वतः मोजून सोडली आहे. तुम्ही दुसरं काहीतरी सांगा." दुसरं म्हणजे काय, तर टेक्निशियन पुढच्या आठवड्यात. 'कॉल केल्याबद्दल धन्यवाद.'

इकडे ओल्या कपड्यांचा कुबट वास घरभर. बाळ शिंकायला लागलं. मृणालने दमट दुपटी इस्त्रीने वाळवायचा प्रयत्न केला, रात्रीची जागरणं होतीच, आणि बुधवारी संध्याकाळी ती मला म्हणाली, "बाबा, मी रविवारी सोलापूरला जाते. तिकडे ऊन तरी असतं हो."

सोलापूर तिचं सासर. माणसं चांगली आहेत, ऊनही भरपूर आहे. पण खरं सांगतो, नातू आत्ता कुठे मला ओळखायला लागलाय... माझा चष्मा दिसला की हसतो. आणि एका ई-४ पायी तो जाणार?

गुरुवारी सकाळी चिडूनच पुन्हा मशीन लावलं आणि समोर स्टूल टाकून बसलो. हळूहळू वास यायला लागला. जळका नव्हे. ओळखीचा होता, पण पावसाळ्यातला नव्हता... मे महिन्यात गच्चीवर गव्हाचा चीक वाळायला लागला की येतो ना, तो.

मोबाइलचा टॉर्च लावून मागे डोकावलो. माझ्या वीतभर जागेत, मशीनच्या मागच्या जाळीला अगदी चिकटून, उशीचा एक अभ्रा. तोंड सुतळीने बांधलेलं. आत गच्च कुरडया!

गरम हवा जायला तसूभर वाट नव्हती. मशीन तापेल नाही तर काय करेल?

मी ओरडलो तशी सौ. पदराला हात पुसत आली. आता ही वरमेल, असं मला वाटलं. अभ्रा माझ्या हातात बघून म्हणते कशी, "सापडल्या का शेवटी तुम्हाला!"

म्हणजे चोर मी.

तर झालं होतं असं. मृणाल जाताना तिच्याबरोबर द्यायच्या म्हणून सौ.ने या कुरडया वेगळ्या काढलेल्या. डब्यात ठेवल्या तर मी चहाबरोबर तळायला लावतो. कपाटात ठेवल्या तर सादळतात. "मागे एवढी छान उबदार जागा रिकामी पडली होती," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, फोनवर जागा मोकळी आहे म्हणून त्या बाईवर ओरडत होतो, तेव्हा तू इथेच उभी होतीस ना?" तर म्हणे, "मला काय माहीत पिशवीने मशीन अडतं? मी म्हटलं, हे मेंटेनन्सवाले, यांना कळत असेल."



अभ्रा तिच्या हातात दिला, मशीन लावलं. ई-४ नाही, टुंग टुंग नाही. दुपटी कोरडी ठणठणीत बाहेर आली. मृणालने त्यातलं एक गालाला लावलं, बाळाला त्यात गुंडाळलं, आणि म्हणाली, "रविवारचं बघू मग." आमच्या घरात 'बघू' म्हणजे रद्द. मी इतका खूश झालो की त्या कस्टमर केअरच्या मुलीची मनातल्या मनात माफीसुद्धा मागितली.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून तळणीचा आवाज आला. जाऊन बघतो तर अभ्रा ओट्यावर, सुतळी सुटलेली.

म्हटलं, "अगं, या लेकीला द्यायच्या होत्या ना? संपल्या तर तिला रिकाम्या हाती कसं पाठवणार?"

सौ.ने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने आणखी दोन कुरडया तेलात सोडल्या.