रंग गेलेला ओपल

ओपल घासणाऱ्यांच्या दुकानात दोन गोष्टी रोज साचतात, भुकटी आणि किस्से. भुकटी मी संध्याकाळी झाडून काढतो. किस्से राहतात, आणि आमचे बहुतेक किस्से संशयाचे! कच्च्या दगडाच्या पोटात काय आहे ते घासल्याशिवाय कळत नाही. मग माणूस दगडावर संशय घेतो. पुढे सवयच लागते.

अंबाजोगाईत आमचं तिघांचं दुकान आहे. बाबूराव कच्चा माल निवडतात, जयपूरला शिकून आलेले रशीदभाई तो घासतात आणि मी चांदीच्या अंगठीत बसवतो.

एकदा एक दलाल पाण्याच्या बाटलीत ओपल घेऊन आला. पाण्यात भेगा दिसत नाहीत, हे बाबूरावांना पक्कं ठाऊक. त्यांनी पाणी ओतून दिलं आणि दगड उन्हात मांडले. "वाळूस्तोवर चहा घ्या की!"

तिसऱ्या चहानंतर दलाल म्हणाला, "जरा बाथरूमला जाऊन येतो." तो अजून आलेला नाही! तडकलेले दगड मात्र आमच्याकडेच आहेत.

एक भुरा दगड बाबूरावांनी फालतू म्हणून टाकून दिला होता. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून मी तो बिलबुकावर ठेवायचो. वर्षभराने रशीदभाईंनी सहज त्याचा कोपरा घासला, तर आत हिरवागार रंग! बाबूराव लगेच म्हणाले, "कुणाची नजर पडू न्हाई म्हणूनच ठिवलता मी!"

उलटंही झालं. वरून झगमगणारा एक दगड त्यांनी हौसेने आणला. रशीदभाई म्हणाले, "रंग निस्ता वरच हाय, आत कायबी न्हाई." बाबूराव ऐकेनात. घासायच्या चाकाला दोनदा लावला आणि रंग गायब! बाबूरावांनी चाकाखालचं गढूळ पाणी डब्यात भरून दोन दिवस निवळत ठेवलं. मी कारण विचारलं. "कावून म्हंजे? रंग कुठंतरी गेलाच असंल की!"

मग तो मोठा दगड आला. आफ्रिकेतला माल, तिघांनी मिळून घेतलेला. उन्हात धरला की लाल-हिरव्या ठिणग्या उडायच्या. रशीदभाईंनी दिवसभर पाण्यात घासून संध्याकाळी टेबलावर ठेवला, तर नुसती पारदर्शक काच!

"हा दगड पाणी पितो," रशीदभाई म्हणाले. "वाळला की रंग परत यील."

"दगड पाणी पितो? बदलला तुमी!" बाबूराव ओरडले. त्यांनी रशीदभाईंचे खिसे चाचपले, जेवणाचा डबाही उघडून पाहिला. अठरा वर्षांत त्या माणसाच्या हातून एक कपचीसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती. मी बाबूरावांना अडवलं नाही. उलट, चाकाखाली हात घालून मीही शोधलं. लाज वाटत होती, तरी शोधलं.

रशीदभाई एवढंच म्हणाले, "दगड तुमीच घरी न्या, बाबूराव. कपाटात ठिवा, पाणी लागू देऊ नका."

नवव्या दिवशी बाबूराव दगड तळहातावर घेऊन आले. लाल, हिरवा, निळा, पहिल्यापेक्षा जास्त रंग! रशीदभाईंनी दगड उजेडात धरून पाहिला, "बरा निघाला," म्हणाले आणि कामाला लागले.

संध्याकाळी ते निघाले, चपला घातल्या आणि दारातून परत आले. डबा उघडून टेबलावर ठेवला. दोन्ही खिसे उलटे करून आमच्यासमोर उभे राहिले.

"बगून घ्या," म्हणाले, "मग जातो."