दोर धरणारी माणसं

समोरच्या मैदानावर आज जाहिरातीचा लांबट, चंदेरी फुगा खाली उतरवत होते. फुगा एक, आणि त्याचे दोर धरून वाऱ्याबरोबर फरफटणारी आठ माणसं. इतक्या हलक्या वस्तूला जमिनीवर आणायला इतके हात लागतात! गॅलरीत माझ्याशेजारी बसलेले अण्णा, माझे वडील, चहा विसरून बघत होते.

एके काळी अशीच, हलक्या वायूने भरलेली अवाढव्य वायुजहाजं प्रवासी घेऊन समुद्र ओलांडत. विमानांनी त्यांना मागे टाकलं, हे अण्णांना कधी पटलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी लेख लिहिला, ‘वायुजहाजं परत आणा, धावपट्टीही लागणार नाही.’ मासिकाला पाठवायला तो माझ्याकडे दिला. लोक हसतील म्हणून मी पाठवलाच नाही. ‘साभार परत आला,’ असं सांगून मोकळा झालो. अण्णांनी पुन्हा लेखणी उचलली नाही. मीही त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागलो.

आज त्या माणसांकडे बघता बघता तोंडून निघून गेलं, “अण्णा, तुमचा तो लेख मी पाठवलाच नव्हता.”

त्यांनी फुग्यावरची नजर काढली नाही.

“परत आलेला लेख तू मला दिला नाहीस, तेव्हाच कळलं होतं. गाढवा, खोटं तरी नीट बोलायचंस.”

मला हसू आलं, आणि डोळेही भरले.

“एका अर्थी बरंच झालं,” ते म्हणाले. “उतरताना दोर धरायला किती माणसं लागतात, ते मी लिहिलंच नव्हतं. आहे का अजून तो?”

“आहे. माझ्या कपाटात.”

“मग आण. आणि चहा गरम कर.”

खाली दोर खुंट्यांना बांधून माणसं हात झटकत होती.