कुठवर आलीस?

आमच्याकडे रस्त्यात कुणी भेटलं की आधी "जेवलीस का?" विचारतात. गव्हाणे सर विचारायचे, "कुठवर आलीस?" नवख्या माणसाला वाटे, सर पोरीच्या प्रवासाची चौकशी करतायत. सरांना आमच्या प्रवासाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या कादंबरीच्या कुठल्या पानावर आपण पोचलो, एवढंच त्यांना हवं असे.

पालमजवळच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवायचे आणि किशोरवयीन मुलांसाठी कादंबऱ्या लिहायचे. परभणीला छापून आणायचे आणि आम्हा नववीच्या मुलामुलींना फुकट वाचायला द्यायचे. फुकट असूनही त्या आम्हाला महागच पडत. प्रत्येक कादंबरीत पुण्याचा चिन्मय आणि त्याची बहीण मैत्रेयी सुट्टीत कोकणात जात, त्यांना गुहा सापडे, गुहेत चोर सापडत आणि शेवटी पोलीस येऊन दोघांची पाठ थोपटत. सरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, त्यामुळे तो त्यांच्या कादंबरीत फारच खवळायचा.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर आम्हाला थांबवून घेत. भजी मागवत आणि मग एकेकाने उभं राहून पुस्तकाबद्दल मत द्यायचं. आमची मतं एकाच साच्यातली. "कादंबरी खूप आवडली. शेवट तर फारच सुंदर आहे. यातून आपल्याला धाडसाचा बोध मिळतो." बोध घेतला की भजी घ्यायला मोकळे. सर डोळे मिटून, मान डोलवत ऐकायचे.

हे सुख फार टिकलं नाही. एका कादंबरीची शेवटची पानं छापखान्यात कापायचीच राहिली होती, कडेला एकमेकांना जोडलेली. आम्ही सगळ्यांनी तिच्या शेवटाची तोंड भरून स्तुती केली आणि पुस्तकं परत दिली. सरांनी ती चाळली. जोडलेलं एकही पान कुणी सोडवलेलं नव्हतं. न उघडलेल्या पानांमधून आम्ही भलामोठा बोध घेतला होता. दुसऱ्या कुणी छड्या दिल्या असत्या. सर एवढंच म्हणाले, "आजपासून कुनी बोलायचं न्हाई. जिथं कंटाळा येईल तिथं पान दुमडायचं अन् पुस्तक आणून द्यायचं." भजी मात्र त्यांनी बंद केली नाहीत.

त्यानंतर पुस्तकं दुसऱ्या प्रकरणातच कान दुमडून परत येऊ लागली. सगळ्यात आधी यायचं ते प्रतीक्षाचं. प्रतीक्षा माझ्या बाकावरची. तिची आई दिवसभर रानात, त्यामुळे चूल, धाकटा भाऊ आणि दोन शेळ्या, एवढं आवरून ती शाळेत यायची. न बोलण्याचा नियम सरांनी तिच्यापुरता स्वतःच मोडला.

"का गं, इथंच का दुमडलंस?"

"सर, ही मैत्रेयी सकाळधरनं गुहेत हाय. हिची माय हिला हाक मारीत न्हाई का? हिच्या घरी भांडे कोन घासतंय?"

"अगं, कल्पना हाय ती. कल्पनेला भांडे घासावे लागत न्हाईत."

"मंग कल्पनेलाच द्या की सर वाचायला."

सर आठवडाभर खिन्न होते. पुढच्या कादंबरीत गुहेकडे निघण्याआधी मैत्रेयीने एक कप विसळला. प्रतीक्षाने नेमकं तेच पान दुमडलं. "एकच?" एवढंच तिचं मत.

सरांची निवृत्ती जवळ आली. लोक त्या वयात काशीची, नाहीतर मुलाच्या फ्लॅटची स्वप्नं बघतात. सर म्हणायचे, "ही पोरगी एकदा शेवटच्या पानापर्यंत आली की मी सुटलो. बाकी जगानं न्हाई वाचलं तरी चालतंय." जगाने ही सवलत आधीच घेतलेली होती.

शेवटच्या कादंबरीत त्यांनी चिन्मय-मैत्रेयीला कायमचं पुण्याला धाडून दिलं. या खेपेची नायिका घरचं आवरून बसने शाळेत येणारी होती. छापखान्याला सांगून त्यांनी शेवटची पानं मुद्दाम जोडलेलीच ठेवली. निरोपाच्या दिवशी हार गळ्यात असतानाच त्यांनी ते पुस्तक प्रतीक्षाच्या हातात दिलं आणि आपल्या गावी, पोखर्णीला, राहायला गेले.

तिथे त्यांनी जे अंथरूण धरलं ते सुटेना. मला फोन करायचे. तब्येतीचं विचारावं तर मधेच तोडत. "कुठवर आली ती?" मी प्रतीक्षाला विचारी. ती म्हणे, "वाचायलेय." महिने गेले, आम्ही दहावीत गेलो. मला वाटलं, पान कधीच दुमडलंय, आजारी माणसाला सांगायचं जिवावर आलंय. मग एक दिवस तिने पुस्तक माझ्या हातात दिलं. "सरला नेऊन दे. मला घरून सोडत न्हाईत." सोबत मतही दिलं. ते ऐकून मला वाटलं, हिने दुमडलेलं पान दिलं असतं तर बरं झालं असतं.

दार सरांच्या बायकोने, काकूंनी, उघडलं. सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी नेलेल्या पेरूंकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पुस्तक घेतलं, पान न् पान चाळलं. दुमड कुठेच नव्हती. शेवटची पानं सुटी झालेली होती, कड सरळ, आणि एका कोपऱ्यावर हळदीचं बोट. सरांनी पुस्तक नाकाशी नेलं.

"कांदा," ते म्हणाले. "विळीवर कापलीत पोरीनं. सैपाक करता करता वाचली. काय म्हणली?"

मी चाचरत सांगून टाकलं. "म्हणली, बाकी ठीक हाय, पर शेवट खोटा हाय. कलेक्टर कुनाच्या दारात शाबासकी द्यायला येत न्हाई."

सर ताडकन सरळ झाले. "शेवट म्हणली? शेवट?" मग त्यांचे डोळे भरून आले. "म्हंजे आली की तिथवर! काकूला म्हण, पेन आण."

महिन्याभरात सर गेले. भेटायला आलेली मंडळी अंगणात बसून एकेक करून मत देत होती. फार मोठा माणूस. थोर साहित्यिक. त्यांच्या जीवनातून आपल्याला बोध मिळतो. त्यातल्या कितीजणांनी त्यांची पानं सोडवली होती, देव जाणे. भजी नव्हती, एवढाच फरक.

त्या दिवशी प्रतीक्षाला घरून सोडलं होतं. ती माझ्याबरोबर दाराशी बसली होती. तिने हळूच विचारलं, "काकू, सरनी शेवट बदलला का वो?"

काकूंनी आतून पुस्तक आणून तिच्या हातात ठेवलं. कलेक्टरावर काट मारलेली होती. खाली सरांच्या थरथरत्या अक्षरात दोनच ओळी. पोरगी भांडी घासायला बसलीय, आईने हाक मारलीय, आणि ती पहिल्यांदाच "थांब जरा" म्हणालीय.

प्रतीक्षाने त्या ओळी वाचल्या. पान उलटलं. मागे कोरं होतं. तिने काकूंकडे बघितलं आणि विचारलं, "पुढं?"

सरांच्या कुठल्याच पुस्तकाबद्दल हे तिने कधी विचारलं नव्हतं. सांगायला सर नव्हते.