सैपाकघरातला लुंगीवाला

हसू नका, आधी पुरं आयका. एवढा बावळटपना मी जिंदगीत दुसऱ्यांदा केला नाई.

गोंडपिपरीहून बदली होऊन ऊर्जानगरात, वीज प्लांटच्या कॉलनीत आलो, त्याले चारच दिवस झाले होते. टपरीवर जाल तिथी एकच गोष्ट, "बिहार, आंध्रातून लोक येऊन राह्यले प्लांटवर. चोऱ्या लय वाढल्या, भाऊ!" चोरी नेमकी कोनाच्या घरी झाली, हे कोनी सांगे नाई. मीबी विचारलं नाई. मान हलवली अन् घाबरून घेतलं.

एका दुपारी जेवाले घरी आलो. दार सताड उघडं! बायकोले किती सांगावं? आत गेलो, बूट काढले, माठातलं पानी प्यालो. खाट दुसऱ्याच भिंतीले. म्हटलं, वा! बाईनं सामान लावलं वाटते.

तेवढ्यात सैपाकघरातून एक लुंगीवाला निघाला. हातात कुकर!

"कौन?" तो म्हणे.

पाहा हिंमत! माह्या घरात मलेच विचारते! तसाच अनवानी बाहेर पळालो, बाहेरून कडी घातली अन् बोंबललो, "चोर! चोर! बाहेरचा चोर!"

दोन मिनिटांत वीस मानसं जमली. कोनाच्या हाती काठी, कोनाच्या हाती बॅट. आतून तो ओरडे, "अरे भैया, खोलो! दाल चढानी है!"

"आयका! जेवूनच जानार होता!" मी म्हटलं.

काठीवाले दाराकडे सरकले, तेवढ्यात चौकीदार बंडूभाऊ सायकलवर आले.

"हात नोका लावू कोनी! सायेब, तुमचा क्वार्टर कोनता?"

"बी-चौदा!"

त्यायनं दारावरच्या पाटीवर बोट ठेवलं. सी-चौदा.

आता तुमीच सांगा, क्वार्टरच्या साऱ्या लाइनी एकाच पिवळ्या रंगाच्या, मानसानं करावं काय?

कडी काढली. तो बिचारा घामानं चिंब. आनखी एक मिनिट गेलं असतं तं? "चुकलो, भाऊ," म्हणून हात जोडले.

तो आत गेला, माहे बूट घेऊन आला. "ये तो लेते जाइए."

मान खाली घालून खऱ्या घरी पोचलो. बायको दारातच.

"तिकडं कायचा गोंधळ होता वो?"

"एक जन लोकाच्या घरात घुसला होता."

"बिहारी?"

"नाई. तो घरमालक. घुसनारा आपल्याकडचाच."

"शी! अशा मेल्याले उपाशी ठेवाले पाह्यजे!" असं म्हणत तिनं माह्या ताटात भात वाढला.