अंगठ्याचा पियानो आणि माहेरची काठवट

आमच्या घरातल्या काठवटीला भोक आहे आणि ते मी पाडलेलं आहे.

काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. ही माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, माहेरची. लग्नात मंगळवेढ्याहून जे जे तिच्याबरोबर आलं, त्यातली आजवर टिकलेली वस्तू हीच. (मीही टिकलोय, पण मी तिच्याबरोबर आलो नव्हतो, तीच माझ्याकडे आली होती.) अशा वस्तूला भोक पाडण्याइतका मी वेडा नाही. पण आप्पांचा अंगठा हलत नव्हता, आणि तिथून सगळं सुरू झालं.

आप्पा म्हणजे माझे वडील. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. कारखान्याच्या दारात उभं राहून, आत न शिरता, नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, "तिसऱ्या मागाचा धोटा ढिला हाय, बघा." आणि तो असायचाच. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं (शिव्या तर दवाखान्यातच सुधारल्या होत्या), पण उजव्या हाताचा अंगठा काही हलेना. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, अंगठा रोज वापरायलाच हवा. आत्ता हलला नाही तर तो असाच आखडून राहील." त्यांनी एक रबरी चेंडू दिला.

"ह्यो पिळायचा?" आप्पा म्हणाले. "मी काय रांगतं पोरगं हाय?"

"आप्पा, अंगठ्यासाठी आहे."

"मंग अंगठ्याला दे. मला कशापायी देतोस?"

दुसऱ्या दिवशी तो चेंडू गल्लीतल्या कुत्र्याच्या तोंडात दिसला. मला खरंच भीती वाटायला लागली. ज्या अंगठ्याने धाग्याला धागा गाठ न दिसता जोडला, तो आता सदऱ्याचं बटण लावू शकत नव्हता. आप्पा कुणाला न सांगता बिनबटणाच्या बंड्या घालायला लागले होते.

अशात मला मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. आफ्रिकेतलं एक वाद्य. लाकडाची पेटी, तिच्यावर पोलादी पट्ट्या, आणि त्या नुसत्या अंगठ्यांनी दाबून सोडायच्या की सुरेल वाजतं! म्हणजे अंगठ्याचा पियानो. व्हिडिओतला माणूस हसत सांगत होता की हे घरच्या घरी, पडीक वस्तूंपासून कुणीही बनवू शकतं. या 'कुणीही'मध्ये मी येत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी ज्युनियर कॉलेजात वाणिज्य शिकवतो. मी हातोडी उचलली की आमच्या घरात आधी टीव्ही सरकवतात.

प्रश्न पट्ट्यांचा होता. हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"पियानोच्या पट्ट्या आहेत?"

"दाराला का खिडकीला?" दुकानदार म्हणाला. (हार्डवेअरात 'पियानो' म्हणजे लांब बिजागरी, हे मला नंतर कळलं.)

मग मी घरातली छत्री मोडली. तिच्या काड्या वाजल्या नाहीत, आणि वैशालीला भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन भाजी आणावी लागली. पुन्हा व्हिडिओ बघितला. त्यात होतं, गाडीच्या वायपरच्या रबरात फार छान स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. योगायोग असा की त्याच दिवशी माझा मेहुणा धनाजी ज्वारीची पोती घेऊन मंगळवेढ्याहून आला होता आणि त्याची जीप दारातच उभी होती. तो आत जेवत होता. त्याची दुसरी भाकरी संपायच्या आत मी दोन्ही वायपरमधल्या मिळून चार पट्ट्या ओढून काढल्या आणि रबरं जशीच्या तशी बसवली. पाऊस कुठे पडणार होता! मी स्वतः त्याला आग्रह करून तिसरी भाकरी वाढली.

चार पट्ट्यांत काही पियानो होत नाही. व्हिडिओवाला म्हणाला, रस्ता झाडणारं यंत्र फिरतं ना, त्याच्या ब्रशाच्या पोलादी काड्या तुटून रस्त्यावर पडतात, त्या उत्तम! असं एक यंत्र आमच्याही भागात सकाळी येतं. मी त्याच्यामागून खाली मान घालून चालायला लागलो. तीन काड्या मिळाल्या आणि समोर मोमीनचाचा उभे! मोमीनचाचा आमचे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, रोज सकाळी फिरायला जाणारे.

"सर, क्या गुम गया?"

"काही नाही, चाचा."

झालं! माणूस 'काही नाही' म्हणतो म्हणजे वस्तू भारी असणार. चाचांनी फिरायला आलेल्या सगळ्यांना थांबवलं. पाच मिनिटांत नऊ माणसं वाकून रस्ता बघत होती. "अंगठी हाय का चेन?" एकाने विचारलं. मी काय सांगणार? कॉलेजातला प्राध्यापक रस्त्यावरच्या तारा वेचतोय म्हणून? तेवढ्यात चाचा ओरडले, "मिल गया!"

त्यांच्या हातात चांदीचं एक जोडवं होतं.

"चाचा, हे माझं नाही—"

"तुमारा कैसा होएंगा? भाभी का है," चाचा म्हणाले. त्यांनी ते माझ्या मुठीत दाबलं आणि हळूच सांगितलं, "भाभी को बोलना नक्को, गुम गया था करके." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सर्वांचे आभार मानले आणि कुणा परक्या बाईचं जोडवं खिशात घालून घरी आलो.

आता पेटी. पेटी पोकळ हवी, लाकूड जुनं, वाळलेलं हवं. वैशाली दुपारी बहिणीकडे गेली होती. स्वयंपाकघरात गेलो तर काठवट भिंतीला टेकून उभी होती. बोटाने वाजवून बघितली, काय घुमली म्हणता! तिच्या तोंडावर प्लायवूडची फळी बसवायची, फळीवर पट्ट्या लावायच्या, आप्पांना वाजवून दाखवायचं आणि भाकरीच्या वेळेआधी काठवट जागेवर, असा माझा बेत होता. व्हिडिओतल्या पेटीला मागे एक भोक होतं, त्यातून आवाज खुलतो म्हणे. मोमीनचाचांचं ड्रिल आणून मी काठवटीच्या बुडाला भोक पाडलं. फार मोठं नाही. पेन्सिल जाईल एवढं. ब्रशाच्या काड्या वाकड्या होत्या, त्या गॅसवर लालभडक तापवून सरळ केल्या. सगळं फळीवर स्क्रूने आवळलं, फळी काठवटीवर बसवून आप्पांच्या पुढ्यात ठेवली आणि एक पट्टी दाबून सोडली.

"भद्द."

दुसरी. "भद्द."

आप्पांनी ऐकून घेतलं. "ह्ये वाजतंय का खोकतंय?"

"आप्पा, तुम्ही अंगठ्यानं दाबून बघा ना."

"काड्या तापवल्यास व्हय रं?"

"थोड्याशा. गॅसवर."

"पोलादाचं पाणी उतरवलंस की! आता त्याचा अन् भिजल्या सुतळीचा आवाज सारखाच." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "ने तिकडं. असल्या कामाला मी अंगठा लावत न्हाय."

मी फळी त्यांच्या पलंगाखाली सरकवली. भोकात मेणबत्तीचं मेण भरलं, वरून बोटाने गुळगुळीत केलं, काठवट भिंतीला टेकवली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सफाईदार काम होतं. पण मन लागेना. मी पेटी वाजावी म्हणून नाही, तो अंगठा हलावा म्हणून धडपडत होतो, आणि माझ्या अडाणी हातांनी ती एक संधीही घालवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली भाकरीला बसली. आता, ज्वारीच्या पिठाला पाणी लागतं उकळतं, हे मी जन्मल्यापासून बघतोय. मेण कशाने वितळतं, हे मी शाळेत शिकलोय. या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटतील असं मात्र मला वाटलं नव्हतं. वैशालीने मांडीपुढच्या काठवटीत पीठ घेतलं, आधण ओतलं आणि किंचाळली.

"अगं बाई! काठवट गळतीय!"

पिठाचं पाणी तिच्या साडीवर, तिथून फरशीवर. तिने काठवट उचलून उजेडात धरली. भोकातून तिचा एक डोळा माझ्याकडे बघत होता.

"अहो. हे काय आहे?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. धनाजी.

"दाजी, गाडीला काय केलं का तुमी? काच धुवाया घेतली, तर वायपर नुसता लाडानं हात फिरवतोय काचंवर. पुसत कायबी न्हाय!"

"वायपरचं काय?" वैशाली म्हणाली. आणि त्याच क्षणी कंपाउंडवरून, स्वतःचाच सल्ला विसरलेल्या मोमीनचाचांचा प्रेमळ आवाज आला, "भाभी, जोडवा बराबर बैठा ना?"

वैशालीने आपल्या पायांकडे बघितलं. दोन्ही पायांत जोडवी जागच्या जागी होती. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"कुणाचं जोडवं?"

मी खिशातून ते काढून दाखवलं. (का काढलं, देव जाणे.) "वैशाली, मी सगळं सांगतो. मी सकाळी रस्ता झाडणाऱ्या यंत्राच्या मागं—"

"टिंग."

आम्ही दोघंही थांबलो. आवाज आप्पांच्या खोलीतून आला होता. पुन्हा एकदा, जरा वरच्या सुरात, "टिंग."

दारातून बघितलं. आप्पांनी पलंगाखालची फळी मांडीवर घेतली होती. माझ्या तापवलेल्या काड्या उपटून टाकल्या होत्या. वायपरच्या चार पट्ट्या राहिल्या होत्या. त्या ते अंगठ्याने रेटून एकेक केसभर मागेपुढे करत होते आणि कान लावून ऐकत होते. उजव्या अंगठ्याने! त्याला घाम फुटला होता, तो थरथरत होता, पण रेटत होता. मी "आप्पा, अंगठा!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात वैशालीने पिठाचा हात माझ्या तोंडावर दाबला. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, पण माझ्या डोळ्यांत पीठही गेलं होतं.

आप्पांनी मान वर न करता विचारलं, "कुटं शिकलास रं असलं आवळायला? कपाटावर मागाची मोडकी फणी हाय, तिच्या पोलादी काड्या लागतील. आण." मी स्टूल घ्यायला वळलो. "नगं! तू हात लावू नगं. सूनबाई, तू काढ."

मॅडम पुढच्या खेपेला आल्या तेव्हा आप्पांनी त्यांच्यासमोर सदऱ्याचं बटण लावलं. त्यांना दोन मिनिटं लागली, आम्ही तिघंही श्वास रोखून बघत होतो.

"आजोबा, कमाल केली! कोणता व्यायाम करता?"

"व्यायाम कसला? पोराचं काम निस्तरतोय."

"मग तेच रोज चालू ठेवा," मॅडम म्हणाल्या.

काठवटीच्या भोकात आप्पांनी लाकडी खुंटी बसवून दिली आणि भाकरी पूर्ववत सुरू झाली. धनाजीला नवे वायपर मिळाले. जोडवं मी चाचांना परत केलं. त्यांना खरी हकीकत सांगितली, ती अर्थातच त्यांना पटली नाही. आणि मी दर रविवारी एक अंगठ्याचा पियानो बनवून आप्पांपुढे ठेवतो, तो ते आठवडाभर शिव्या देत दुरुस्त करतात. "रोज काम पुरायला हवं," वैशालीने मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "तेव्हा मुद्दाम थोडं बिघडवत जा."

तशी वेळ अजून आलेली नाही. मागच्या रविवारी मात्र मी ठरवलं, आप्पांना एकदा तरी चकित करायचं. मोजमाप घेऊन, व्हिडिओ सात वेळा बघून, जीव ओतून एक पियानो अगदी निर्दोष बनवला. आज पुन्हा रविवार उजाडलाय, आठवडा उलटला. आप्पा अजून त्याच्यावरच काम करतायत.