तफावतीच्या ओळीतला घोडा

बुरुलचा एजेंनी छत्तीस वर्षांत एकदाही आकडा दाबला नाही. (बुरुलचा हे त्यांचं नाव, एजे म्हणजे ताई.) किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकच्या सांख्यिकी कचेरीत हे सांगताना लोक आवाज जरा खाली आणतात, कारण सांगणाऱ्याने स्वतः एखादा तरी दाबलेला असतो.

त्यांचं काम सांगायला सोपं. देशात वर्षभरात काय पिकलं, काय बनलं, याची एक बेरीज. लोकांनी काय खाल्लं, वापरलं, बाहेर विकलं, याची दुसरी. दोन्ही जुळायला हव्यात आणि कधीच जुळत नाहीत. उरलेला फरक तळाशी एका ओळीत छापतात, 'सांख्यिकी तफावत'. बुरुलचा एजे त्या ओळीच्या राखणदार होत्या.

त्या वर्षी ओळ फारच फुगली. नवे प्रमुख मेदेर एकेकाळी एजेंच्याच हाताखाली शिकलेले. ते त्यांच्या टेबलापाशी आले.

"एजे, ही ओळ शून्य करून टाका ना. फरक 'साठ्यातला बदल' म्हणून दाखवा. सगळे तेच करतात."

"साठा? कुठाय साठा? तुझ्या कपाटात?"

"चेष्टा नको. वर्षाच्या आकड्यांचं पुस्तक सोमवारी वर पाठवायचंय. जमणार नसेल तर... तुमचं निवृत्तीचं वयही होऊन गेलंय."

"माझं वय मला पाठ आहे रे. सोमवारपर्यंत थांब."

एजेंनी मांसाचा आकडा धरला. जनावरांच्या मोजणीत जेवढी कापली गेली होती, तेवढं मांस घरोघरच्या खर्चवह्यांत कुणी खाल्लंच नव्हतं. निवडक घरांतल्या बायका या वह्या रोज भरतात. एजेंनी त्या गठ्ठ्यांनी मागवल्या. तीन दिवस नुसतं पाव, चहा, साखर, बटाटे. चौथ्या दिवशी त्यांच्या हाती त्यांचंच अक्षर आलं. गेल्या वर्षी त्यांचंही घर निवडीत आलं होतं.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. पाव, चहा, साखर, कांदे.

त्याच आठवड्यात त्यांनी नवऱ्याचं, तोक्तोसूनचं, वर्षश्राद्ध घातलं होतं. तिकडच्या रीतीप्रमाणे जेवणासाठी त्याचा लाडका तांबडा घोडा कापला होता. अख्खं गाव जेवलं आणि निघताना प्रत्येकाच्या पिशवीत घरच्यांसाठी मांसाचा वाटा बांधून दिला. वहीत घोडा कुठेच नव्हता.

खोटं काही लिहिलं नव्हतं. पाहुण्याला वाढलेलं मोजायचं नसतं, मोजणाऱ्या बाईला लोक नावं ठेवतात. वाटा घरी नेणाऱ्यांनीही लिहिलं नव्हतं, कारण तो काही विकत आणलेला नव्हता. घोडा दोन्हीकडून निसटला होता, आणि निसटू देणारी बाई जन्मभर इतरांच्या चुका शोधत होती. एजे आधी हसल्या, मग त्यांना रडू आवरेना.

सोमवारी त्यांनी ती वही मेदेरसमोर ठेवली.

"वाच."

"पाव, चहा... एजे, ही तर तुमची वही!"

"त्या दिवशी तू जेवायला होतास. काय खाल्लंस?"

"बरगडी. आणि आईसाठी पिशवी नेली."

"मग आता ती बरगडी साठ्यात दाखवू?"

मेदेरचा चेहरा उतरला. "म्हणजे बायकांना विचारायचं, किती मांस वाढलंत?"

"मेल्या तरी सांगायच्या नाहीत. पाहुणे किती आले ते विचार, मांस आपण त्यावरून काढू. थांब म्हटलंस तरी सांगत राहतील."

मेदेरनी फोन उचलला, वरच्यांची बोलणी निमूट खाल्ली आणि महिनाभराची मुदत मागून घेतली. कौतुक त्यांचंही करायला हवं. माणसं पुन्हा घरोघर गेली. ओळ निम्म्यावर आली आणि तशीच, उघडी, छापायची ठरली.

"उरलेल्या निम्म्याचं काय, एजे?"

"ते शोधायला मला ठेवावं लागेल."

एजेंच्या निवृत्तीचा तयार करून ठेवलेला कागद मेदेरनी आपल्या टेबलावरून उचलला आणि खणात टाकला.

घरोघरच्या त्या फेरीत एजेंच्या घरीही कचेरीतली नुरपेरी नावाची मुलगी विचारायला आली होती. तिला दोन पेले चहा पाजून झाल्यावरच एजेंनी प्रश्न विचारू दिला.

"वर्षश्राद्धाला पाहुणे किती होते, एजे?"

"दोनशे सात," एजे ताडकन म्हणाल्या.

"मग एक घोडा धरू ना?"

"धर," एजे म्हणाल्या. "तांबडा होता." रंगाचा रकाना फॉर्मवर नव्हता. नुरपेरीने तो तरीही समासात लिहिला.