बादली कोणाची

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ती फोनवर बसायची. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसानं आतलं लाल बटण दाबलं की त्याला हिचा आवाज यायचा. "घाबरू नका, माणूस निघालाय. दार ओढू नका." माणूस निघालेला असे की चहा पीत असे, हा प्रश्न वेगळा, पण तिच्या आवाजानं लोक दार ओढायचे थांबत. ऑफिसात तिला सगळे धीरबाई म्हणत. मुलगी झाली, धीरबाई रजेवर गेल्या आणि स्वतःच्याच दोन खोल्यांत अशा अडकल्या की बटण कुठलं दाबावं ते कळेना.

दोष द्यायचा तर तिलाच द्यावा लागेल. विकतच्या डायपरनी पोरीच्या मांड्या लालबुंद झाल्या तेव्हा कापडी लंगोट आणायचं तिनंच ठरवलं. ठरवलं म्हणजे अभ्यास केला. माणसं लग्न ठरवताना करत नाहीत एवढा. नुसते घडीचे, गाठीचे, खिशाचे असे सगळे प्रकार पारखून शेवटी तिनं टिचबटणांचे घेतले. बाहेर पाणी न झिरपणारं आवरण, आत ओल शोषणारी जाड सुती घडी. एवढ्यावर थांबली असती तरी निभावलं असतं. पण ती शेजारणीला, बहिणीला, लस टोचणाऱ्या नर्सलासुद्धा कापडी लंगोटांचे फायदे सांगत सुटली. उपदेश केलेल्या माणसाला माघार घेता येत नाही, ही गोष्ट तिच्या ध्यानात आली तेव्हा घरभर लंगोट वाळत होते. खुर्च्यांच्या पाठीवर लंगोट, खिडकीच्या गजांवर लंगोट. बाल्कनीत ऊन यायचं ते पाहुण्यासारखं, टेकल्या न टेकल्यासारखं करून निघून जायचं.

वाटणी झाली होती. दिवसभराचे लंगोट झाकणाच्या बादलीत ती टाकायची आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर नवरा धुवायचा. तो मोटारींच्या काचा बसवायचा. हाताचा चोख, बोलायला कमी. बादली त्यानं कुरकुर न करता घेतली होती, आणि ती बादली त्याच्याकडे होती म्हणूनच तिला कामावर परत जायचा विचार करता येत होता. सोमवारी हजर नाही झाली, तर तिची खुर्ची बदली आलेल्या मुलीला मिळणार होती. साहेबांनी ते फार गोड शब्दांत कळवलं होतं.

पोरीला सांभाळायला सासूबाई आल्या. त्यांची अट एकच.
"पोर माझ्याजवळ झोपेल. पण माझी गादी ओली झाली तर नोकरीचं नाव काढायचं नाही. या वयात मी गाद्या उन्हात टाकत बसणार नाही."
"नाही होणार, आई. ही कापडं फार शोषतात."

पहिल्याच दुपारी गादी ओली झाली. दुसऱ्या दुपारीही. तिनं बटणं एक घर घट्ट लावली, तर मांडीवर वळ उठले. सैल केली, तर ओघळ थेट सासूबाईंच्या उशीपर्यंत. दोन घड्या घातल्या तेव्हा पोरगी बेडकासारखी पाय फाकून पडून राहिली आणि तरी गळलीच. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे पाणीच पाणी.

"शोषतात म्हणालीस ना?" सासूबाई चादर ओढत म्हणाल्या. "मग हे काय, घाम आलाय का गादीला?"
"सुरुवातीला नव्हतं असं होत."
"सुरुवातीला सगळंच बरं असतं. तुझा नवराही लहानपणी गोरा होता."

शनिवारी दुपारी नवरा घरी असताना तिनं वैतागून एक स्वच्छ, वाळलेली घडी ओट्यावर पसरली आणि तिच्यावर वाटीभर पाणी ओतलं. पाणी आत जाईचना. थेंब गोळा झाले, गोट्यांसारखे घरंगळले आणि खाली सांडले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते तिनं कापडावर प्रथमच पाहिलं.

नवरा बघत राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला.
"पावसात काचेवरून पाणी असंच पळावं म्हणून आम्ही काचेला औषध चोळतो," तो पुटपुटला.
"मग?"
"मी धुताना शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर घालत होतो. पोरीला मऊ लागावं म्हणून. त्याचाच थर बसला असणार."

मायेनं चूक केलेल्या माणसावर ओरडता येत नाही, हा आणखी एक कोंडमारा. तेवढ्यात सासूबाई दारात उभ्या. त्यांनी अर्धंच ऐकलं होतं.
"काय घालत होतं, कोण?"

नवऱ्यानं तोंड उघडलं. तिला पुढचं सगळं दिसलं. याचं नाव निघालं की सासूबाई म्हणणार, तरी म्हटलं होतं, पुरुषाला असल्या कामात घालू नये. मग बादली कायमची तिची. बादली तिची म्हणजे खुर्ची दुसरीची.

"मी," ती म्हणाली. "कपडे मऊ करायचं औषध. मीच बादलीत ओतत होते, आई."

"एवढा अभ्यास करून?"
"हो."
"अख्ख्या गावाला शिकवत हिंडलीस आणि घरात हे? आजपासून त्या बादलीला हात लावायचा नाहीस. हाच धुईल."
"आई, पण..." नवरा म्हणाला.
"पण काय? काचा पुसतोस ना? मग धू."

त्यानं पाणी उकळलं. घड्या खळबळून काढल्या, पुन्हा पुन्हा, फेस दिसेनासा होईपर्यंत. रविवारी दुपारी सासूबाईंनी गादीवर तळहात फिरवला, नाकाजवळ नेला आणि निकाल दिला. "कोरडी आहे. कुणी धुतलंय ते कळतं." मग फोन घेऊन बसल्या. तिच्या बहिणीला त्यांनी सगळी हकिकत सांगितली, शेजारणीला तर दारात उभं राहून अभिनयासकट. "शिकलेल्या आहेत हो, पण बाटली दिसली की ओततात." शेजारीण हसली. तीही हसली, दुसरं काय करणार.

सोमवारी सकाळी ती डबा भरून निघाली. बाल्कनीत नवरा लंगोट वाळत घालत होता. आवरणं उन्हात आणि घड्या सावलीत, म्हणजे नेमकं उलट. अशानं आवरणं तडकतात आणि घड्या कुबट राहतात. सांगायला दोन शब्द पुरले असते. सासूबाई पोरीला मांडीवर घेऊन तिथंच बसल्या होत्या, कौतुकानं लेकाकडे बघत.

तिनं चपला घातल्या.

"काय गं, काही राहिलंय का?" सासूबाईंनी विचारलं.
"नाही," ती म्हणाली. "मला कुठं यातलं काही कळतंय."